उरलेले सात टक्के

सुपर कॉरिडॉरवर सकाळी सव्वाआठला
ती पांढरी गाडी माझ्या उजवीकडे येते.
आत कुणी नाही. स्टिअरिंग आपलं आपण फिरतं,
कुलूप लावलेल्या घरात
पंखा चालू राहिलेला दिसावा, तसं.

माझ्या स्प्लेंडरच्या मागे बर्फाचा डबा,
डब्यात सत्तावीस जणांचं रक्त:
मूसाखेडीच्या एका बाईची साखर,
सुदामा नगरातल्या कुणाचं थायरॉइड,
एका नळीवर फक्त नंबर;
नाव लिहू नका, म्हणाली होती मुलगी.
नऊच्या आत लॅब गाठायची. गचका बसला
की रक्त फुटतं, आणि मग शेवडे मॅडम.

पहिल्या आठवड्यात मी तिला हॉर्न दिला.
तिनं काही मनाला लावून घेतलं नाही.
दुसऱ्या आठवड्यात हात दाखवला: जा बाई, आधी तू.
ती थांबलेलीच. मीही थांबलेलोच.
मागून रिक्षावाला ओरडला,
"ओ भिया, मुहूर्त निकाल रहे हो क्या?"
मग मी निघालो. मग ती निघाली,
मोजून दीड मीटर सोडून,
संसर्गाच्या वॉर्डात पाहुणे
खाटेपासून सोडतात तसं.

शिवी द्यायची सोय गेली, हे एक झालं.
दुसरं म्हणजे, आम्ही इथे वळतो
ते इंडिकेटरवर नाही, भुवयांवर.
पलासियाला मान अर्धा इंच हलली
की एक टेम्पो, दोन अ‍ॅक्टिव्हा आणि पाण्याचा टँकर
आपापलं समजून घेतात.
हिच्या काचेत बघावं तर हेल्मेटातला मीच.

तिच्या चाचणीवर असलेला पुष्कर किबे,
त्यानं टपरीवर चहा निवेपर्यंत लॅपटॉप उघडून दाखवलं:
रस्ता काळा, झाडं म्हणजे हिरवे ठिपके,
आणि कडेकडेनं सरकणारी एक पिवळी चौकट.
"हे तुम्ही, काका."
वर लिहिलेलं: दुचाकीस्वार, त्र्याण्णव टक्के.
"आणि उरलेले सात?"
"तेवढं चालतं."
"चालू दे. पण त्या सातांत मी कोण?"
मुलगा प्रामाणिक. बघून सांगितलं त्यानं:
चार टक्के खांब,
दोन टक्के जनावर,
एक टक्का काहीच नाही.

रात्री भाऊंना सांगितलं.
भाऊ म्हणजे वडील. मालवा मिलमध्ये जॉबर,
पहिल्या पाळीला सायकलनं जायचे, डायनॅमोच्या उजेडात.
देवास नाक्याजवळ ट्रकनं उडवलं तेव्हा मी चौथीत.
गुडघ्यात अजून पट्टी आहे, थंडी पडली की बोलते.
वाटलं, हसतील.
ते पाय चोळत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले,
"त्या ड्रायव्हरनं मला बघितलं होतं रे.
नजरानजर झाली होती आमची.
शंभर टक्के."

परवा डब्याला चारी बाजूंनी
रेडियमची पट्टी लावून घेतली, लाल-पांढरी.
पुष्कर म्हणाला, काका, शहाण्णव झालात!
खांब उतरला एकावर.
जनावराचे दोन तसेच. गावातली गुरं
महापालिकेनं कधीच बाहेर हलवली,
तरी यंत्राला कुठेतरी आठवतात, म्हणून बरं वाटलं.
आणि तो एक, काहीच नसलेला,
तो रेडियमनं जात नाही.

आज सव्वाआठ. ती उजवीकडे आली.
मी मान अर्धा इंच हलवली, सवयीनं.
तिच्या छतावरचं ते गरगरणारं
फिरत होतं माझ्यावरून, डब्यावरून,
नळ्यांवरून, आज एकोणतीस.
बर्फ वितळत होता.
मी गिअर टाकला.