मालकाचा रकाना

वैरागच्या पुढच्या फाट्यावर उतरलो तेव्हा
खिशात टेप, काखेत नमुना आठची वही.
बिननोंदीच्या इमारती मोजायच्या होत्या:
एक पिठाची गिरणी, दोन गोठे, आणि हे.
वर पत्रा, पत्र्यावर वधस्तंभ,
वधस्तंभावर एक होला, ऊन खात बसलेला.

शांतवन शिनगारे आले, हातात किल्ली नाही.
"कुलूपच न्हाई ओ," म्हणाले,
"नुसतं ढकलायचं, पर जरा उचलून."
दार खरंच उचलावं लागलं.
सोलापुरात मिल बंद पडली त्या वर्षी
हिशेबाचं कुणाला काही मिळालं नाही.
ह्यांनी भंगारातून मागाची एक लाकडी चौकट उचलली,
एस्टीच्या टपावर बांधून आणली.
मी बोट फिरवलं. सुतानं घासून घासून
एका जागी खोबण पडली होती, नखाएवढी.

लांबी अठ्ठावीस फूट.
रुंदी एका टोकाला चौदा, दुसऱ्या टोकाला साडेचौदा.
दोनदा मोजलं.
"ती भिंत रातची रचली," सालोमीबाई म्हणाल्या,
"कंदिलावर. दिवसा खुरपायला जायाचं असायचं.
वळंबा एकच होता, त्यो ह्या अंगाला."

फरशी शहाबादी, पण एका मापाची नाही.
जिला जेवढी जमली तेवढी तिनं आणली.
दाराजवळ तर एक पाटाच, पालथा बसवलेला,
टाकीचे घाव खाली, गुळगुळीत पाठ वर.
"माझ्या सासूचा," मागून कुणी म्हणालं,
"वर्सभर शेजारच्या पाट्यावर चटणी वाटली आमी."

बांधकामाचं वर्ष?
ह्यावर भांडण झालं.
एक म्हणे दुष्काळाच्या आदल्या साली,
एक म्हणे एलीशाच्या बाप्तिस्म्याला.
आणि एलीशा, मिशा पिकलेला,
ट्रॅक्टर चालूच ठेवून आत आला, म्हणाला,
"माझ्या टायमाला पत्रा नव्हता. ऊन लागून रडलो म्हणत्यात."

प्रभुभोजनाची ताटली स्टीलची, तिच्यावर कोरलेलं
'चि. सौ. कां.', पुढचं झिजलेलं.
पाव वैरागहून येतो.
एकदा ओढ्याला पाणी आलं, एस्टी आली नाही,
तेव्हा पाळकांनी ज्वारीची भाकरी मोडली.
"कडक होती," शांतवनबाबा म्हणाले,
"मोडताना आवाज झाला. पार मागंपर्यंत गेला.
पावाला आवाज नसतोय."

खिडकी एकच, पूर्वेला.
रंगीत काच परवडली नाही, म्हणून साध्या काचेवर
बांगड्यांचे तुकडे चिकटवलेले, एकाला एक लावून.
गफूर मणेरानं फुटका माल दिला पोतंभर.
त्यात बायकांनी आपापले मिसळले,
पदराच्या गाठीत ठेवलेले,
नवऱ्याला पोचवून आल्यावर
दुसऱ्याच कुणी मनगट धरून फोडलेले.
कुठला तुकडा कुणाचा ते त्यांना ठाऊक आहे.
मी विचारलं नाही. तसा रकाना वहीत नाही.

साडेआठला ऊन तिथं पोचलं.
सालोमीबाई बोलता बोलता
एक पाऊल डावीकडे सरकल्या, रोजच्यासारख्या,
आणि दोन्ही हात पुढे धरले.
मनगटांवर हिरवं, थोडं लाल,
एक पट्टा मोरपिशी.
कुणी काही म्हणालं नाही.
"टेप जरा बाजूला घ्या," त्या म्हणाल्या,
"सावली पडतीय."

मालकाचं नाव शेवटी विचारलं.
कुणीतरी वर बोट दाखवेल अशी माझी अटकळ होती.
ते एकमेकांकडे बघत राहिले.
"घरपट्टी बसंल का ओ?" एलीशानं विचारलं.
मग ट्रॅक्टरची आठवण झाली, तो गेला.

परतीच्या एस्टीत वही उघडली.
मालकाचा रकाना कोरा.
रुंदीच्या रकान्यात दोन आकडे, एकाखाली एक,
आणि नियमाला एकच लागतो.
पेन काढलं. रस्ता खराब होता, परत ठेवलं.
साहेबांनी विचारलंच तर सांगीन,
ओळंबा एकच होता.