पाठपोट

अझराया टॉलिव्हर वकिलांची अकरा खोकी
त्यांच्या पणतीच्या मुलानं ट्रकमधून आणून टाकली,
सही केली आणि म्हणाला,
उंदरांच्या लेंड्या तेवढ्या झाडून घ्या.

अलाबामातला ऑगस्ट. तळघरात एकच पंखा,
तोही कागद उडतील म्हणून बंद.
पेन आत न्यायचं नाही, पेन्सिल चालते.
हॅटी बोलिंग सकाळी चार पेन्सिली टोक करून देते,
संध्याकाळी मोजून परत घेते.

आधी पावत्या. पावत्या फारसं खोटं बोलत नाहीत.
क्विनीन. दिव्याचं तेल. बायकोच्या चष्म्याची एक काच.
ऑयस्टरचं पिंप, उधार.
आणि 'क्लॅरियन'ची वर्गणी,
कुणी रताळ्यांत भरलेली, कुणी भरलीच नाही.
युद्धाच्या शेवटी कागद संपला, तेव्हा
भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद सोलून
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली पत्रं:
प्रिय लव्हिनिया, इकडे सर्व क्षेम.
'क्षेम'मधून एक गुलाब वर आलेला,
तपकिरी.

अठराशे एकोणसाठची यादी.
घड्याळ, खेचरं दोन, ड्रुसिला वय वीस व तिचं मूल, नांगर.
स्वल्पविराम सगळ्यांना सारखेच.

दिवसा वकिली. रात्री
'म्हातारं कासव' या टोपणनावानं कोर्टातल्या गमती.
मी हसलेय, खोटं कशाला बोलू.
न्यायाधीशांची कवळी पाण्याच्या तांब्यात पडते ती गोष्ट,
साक्षीला आणलेलं डुक्कर.
हात हलका होता त्यांचा.
विनोद कुठं थांबवायचा ते कळत होतं.

मग सातव्या खोक्यात
हा पाठपोट लिहिलेला कागद.

पोटावर कोर्टातली टिपणं, नोव्हेंबर सहासष्ट.
ड्रुसिला मुलगा परत मागायला आली आहे.
आयझम. त्याला कोर्टानं काम शिकायला म्हणून
जुन्या मालकाकडेच बांधून दिलंय,
एकविशी भरेपर्यंत.
जुना मालक म्हणजे ही टिपणं लिहिणारा हात.
प्रश्न: मुलाचं वय?
उत्तर: वकीलसाहेबांनाच विचारा.
त्यांच्या विलीला मी अंगावर पाजलं, त्या सालचा आहे हा.
याच्याच वाटचं होतं ते.

अक्षर इथं जरासुद्धा हललेलं नाही.

पाठीवर त्याच शाईत, बहुधा त्याच रात्री,
म्हाताऱ्या कासवाचा कच्चा खर्डा.
एक बाई कोर्टात उभी. पोराचं वय काय, असं विचारल्यावर
ती डोकं खाजवते, बोटं मोजते, म्हणते,
दोन खेचरं आणि एक पूर, साहेब.
कोर्ट हसून हसून बेजार.
'दोन'च्या जागी आधी 'तीन' होतं, खोडलंय.
तिनात तेवढं हसू नसावं.

छापून आलं ते दोनच.
कात्रण नवव्या खोक्यात आहे,
कडेला कुणीतरी शिशानं लिहिलंय: फारच छान.

निकाल कुठंच नाही.
कोर्टाच्या इमारतीला पुढं आग लागली म्हणतात.
फक्त बाहत्तरच्या खतावणीत, मिठाच्या आणि खिळ्यांच्या मध्ये,
एक ओळ: आयझमला बूट, जुने.

मी दोन दिवस विचार करतेय,
त्यांनी हा कागद जाळला का नाही.
पश्चात्ताप म्हणावं तर पुरावा नाही.
कागद महाग होता, हेही असेल.

आता नियम असा, की वकिली कागद एका फोल्डरात,
साहित्य दुसऱ्यात,
आणि एक पान दोन ठिकाणी ठेवता येत नाही.
उजेडासमोर धरलं तर शाई आरपार दिसते.
खेचरांच्या पोटातून 'याच्याच वाटचं' जातं,
उलट्या अक्षरांत,
पण वाचता येतं.

हॅटी दारात उभी आहे, हात पुढं करून.
तीनच आहेत, ती म्हणते.
मी खोकी हलवते, टेबलाखाली वाकते.
चौथी केव्हाची माझ्या कानामागे,
आणि फोल्डरची कड अजून कोरी.