लेडीज

लेडी हा शब्द मला पहिल्यांदा भेटला
इचलकरंजीत, सायकलच्या दुकानात.
मधला दांडा नसला की ती लेडीज.
पुढे लेडीज छत्री, लेडीज रुमाल, लेडीज घड्याळ,
वेळसुद्धा बारीक आकड्यांत सांगणारं.
मला वाटायचं, काही काढून टाकलं किंवा लहान केलं
की लेडीज होतं.

आता बर्नली. कालव्याकाठचा ब्रेडचा कारखाना,
रात्री दहा ते सहा.
केसांवर जाळी, कानांत निळे बोळे.
मळायचं काम यंत्राचं, एका खेपेला अडीचशे किलो.
आम्ही चौघी पट्ट्याशेजारी उभ्या राहून
वेडेवाकडे पाव बाजूला काढतो.
मधूनच गॅरेथ येतो, कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
"कम ऑन, लेडीज," म्हणतो,
खुराड्याकडे कोंबड्या वळवाव्यात तसं.

पावणेतीनच्या सुट्टीत कॅलम बोलला.
पोरगा जुनी इंग्रजी शिकलाय
आणि त्या शिक्षणाचं कर्ज फेडायला आमच्यात खोकी भरतो.
"लेडी म्हणजे पाव मळणारी," म्हणाला.
"हजारेक वर्षांपूर्वी त्यात दोन शब्द दिसायचे,
पुढचा पावाचा, मागचा मळणारीचा.
बोलून बोलून झिजले, एकमेकांना चिकटले.
आणि लॉर्ड म्हणजे पावाचा राखणदार."
आम्ही सगळ्यांनी एकदम गॅरेथकडे पाहिलं.
तो व्हेंडिंग मशीनला गुडघा मारत होता,
त्याचं चॉकलेट अडकलं होतं.

डोरीनला हसता हसता ठसका लागला.
एकोणचाळीस वर्षं या पट्ट्यावर.
"मला लेडी म्हणाला तो एकच, पोलीस,
माझ्या नवऱ्याला उचलून नेताना.
बाजूला व्हा, लेडी."
मग आपल्या हातांकडे बघत राहिली.
मनगटाला पट्टा, अंगठा पुरता वळत नाही.
"म्हणजे माझी आई होती लेडी," म्हणाली.
"मी नाही. मी नुसती बघते."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं,
आमच्याकडे कणीक तिंबणं म्हणजे
एखाद्याला बदडून काढणंसुद्धा.
बोझेनाने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.
कॅलम म्हणाला, थांब, तुमचा आणखी एक आहे यात.
ते मळणं फार जुनं. लिंपणं, थापणं, आकार देणं.
एक फांदी इकडे आली, पिठाच्या गोळ्यात,
एक संस्कृतात गेली. आणि तिथे
त्याने फोनवर वाचलं,
"डेहा."

मी कानातले बोळे काढले. परत म्हण.
"डे-हा?"

देह.
अरे, देह.

किती वर्षांत वापरला नव्हता.
शेवटचा ऐकला आत्याच्या तेराव्याला, गुरुजींच्या तोंडून,
नश्वर वगैरेच्या शेजारी.
एरवी आपलं अंगच. अंग दुखतं, अंग मोडून येतं,
अंग टाकून झोपावं लागतं.
देह ठेवतात ती मोठी माणसं.
आणि तो इथे, पहाटे तीनला,
कणकेचा चुलतभाऊ निघाला.

भोंगा झाला. पाव येत राहिले, एकसारखे,
मधेच एक दबलेला, एक कुशीवर वळलेला.
असले निळ्या टोपलीत टाकायचे.
त्या रात्री एक जरा वेळ हातात धरला.
गरम होता, आणि वाटला त्याहून जड.

घरी येऊन, आंघोळीच्या आधी, परात काढली.
भूक नव्हती.
पीठ, मीठ, कोमट पाणी.
खांद्यापासून जोर लावून तिंबली,
अंगठा रुतवला. खड्डा पडला
आणि सावकाश भरून येऊ लागला.
डोरीनला सांगावं म्हटलं, रविवारी ये, माझ्याकडे पीठ आहे.
फोन उचलला, काचेवर कणकेचं बोट उमटलं.
सहा वर्षं शेजारी उभी आहे ती,
तिचा नंबर माझ्याकडे नाही.