खोड

ढोलकीच्या लाकडाला खोड म्हणतात,
म्हणून साइड-ड्रमच्या पितळेलाही मी खोडच म्हणतो.
ते खोड.
रेवता नुसतं लिंग बदलते:
ती खोड म्हणा. मेल्याबिगर जात नाई.

सहा आहेत.
समोरच्या खोलीत, फळीवर,
जिथे दुसऱ्यांकडे टीव्ही असतो.

सागाचं लकडगंजातल्या हेमराज निनाव्यानं
पलंगाचे पाय कातता कातता जेवणाच्या सुट्टीत कातून दिलं.
काडी पडली की वाटतं,
कुणी आतून कडी काढली.
पितळेचं भंडाऱ्याचं. कासारानं गुंड करायला घेतलेला पत्रा
माझ्यासाठी सरळ ठेवला,
अजून त्यात पाणी भरल्यासारखा घुमतो.
स्टीलचं बुटीबोरीच्या भंगारातलं. ते वाजत नाही, खेकसतं.
एक आरपार दिसणारं, अ‍ॅक्रिलिकचं,
ऑर्केस्ट्रातल्या पोराला पुण्यात नोकरी लागली तेव्हा
सायकलसोबत विकलेलं. सायकल दुसऱ्यानं घेतली.

तुलना करायची तर बाकी सगळं सारखं पाहिजे:
तेच कातडं उतरवून याचं त्याला,
त्याच तारा, तीच काडी,
दहा पेच, प्रत्येकाला सव्वा फेरा.
मे महिन्यात सगळं बिघडतं.
सेहेचाळीस डिग्रीत सकाळचा सूर जेवणापर्यंत टिकत नाही,
कूलर लावला की साग फुगतो,
बंद केला की रेवता.
तरी अकरा वर्षं चोपडीत लिहितो आहे:
पितळ, गोल. शिसम, कोरडं पण मनमिळाऊ.
स्टीलपुढे नुसती एक फुली.

चोपडीत न लिहिलेली गोष्ट अशी,
की तारा सैल करायला विसरलो
तर ती न वाजवताही वाजतात.
कळमन्याची मालगाडी यायच्या आधी सागाला कळतं.
कुकरची तिसरी शिटी स्टीलला सोसत नाही.
शेजारच्या डोमाजी बोकड्यांना शिंक आली
की अ‍ॅक्रिलिक पुटपुटतं, बोकडे मात्र पुढची शिंक देतात.
आणि अ‍ॅल्युमिनियमचं,
कामठीच्या पलटणीच्या लिलावातलं,
खाली खिळ्यानं कुणीतरी 'ड' कोरलेलं, हलकं, पोचे पडलेलं,
ते फक्त एकाच हाकेला थरथरायचं.
स्वयंपाकघरातून रेवता म्हणायची, आयकलं का,
आणि माझ्याआधी ते.

तिनं एकदा ओल्या हातानं त्याच्या कडेला बोट लावलं.
हा माया, म्हणाली. आणि भाताकडे गेली.

मग मोमिनपुऱ्यात मुश्ताककडे तांब्याचं आलं.
जुन्या लग्नाच्या बँडातलं,
अंगभर हातोडीच्या खुणा, लाल, जड.
तुमचं अ‍ॅल्युमिनियम द्या, वर दोन हजार.
रेवता पवनीला बहिणीकडे होती.
मी फार विचार केला असं म्हणणार नाही.

ती आली. पिशवी ठेवली.
फळीकडे पाहून मोजले. सहाच भरले.
तांबं चांगलं हाय, म्हणाली.
दुसऱ्या दिवशी सकाळी आतून: आयकलं का.
काहीच वाजलं नाही.
मी ते ऐकलं.

चोपडीत तांब्यापुढे लिहिलं: खोल. जरा उशिरा येतो.
मुश्ताककडे गेलो तर दुकानात 'ड' नव्हता,
काटोलचा कुणी घेऊन गेला.

गेले पंधरा दिवस हिचा आवाज कुठेकुठे जातो आहे.
कधी वर, कधी नाकात,
हरवलेल्या कुलपाला किल्ल्या लावून पाहाव्यात तसा.
मी विचारलं, घसा बसला का?
तिनं फोडणी टाकली.

परवा दुपारी
कूलर बंद, लाइन गेलेली, रस्ता तापून गप्प,
तिनं घसा पार खाली उतरवला,
विहिरीत दोर सोडतात तसा हळूहळू,
आयकलं का.
तांब्याच्या एका कडेला, दोनच तारा,
हलल्या.

मी म्हटलं, हो.
ती म्हणाली, तुमाले नाई म्हटलं.