तलंगा

पिशवीवर छापलंय : अठराव्या आठवड्यापासून अंडी.
ते मोठ्या जातीच्या कोंबड्यांचं.
या माझ्या बुटक्या, पायांवर पिसं,
लोकरीचे मोजे घालून चिखलात उतरल्यासारख्या.
यांना पिशव्या वाचता येत नाहीत.

मेरन रोज शाळा सुटली की येते.
नऊ वर्षांची, नाकाचा शेंडा लाल, बुटांत वाळू.
"घातलं?"
"नाही."
"एकीनंही?"
"तिघींनी मिळूनसुद्धा नाही."
मग ती खुराड्यात डोकं घालते,
माझ्या शब्दावर तिचा भरवसा नाही.
आत पेंढ्यात तिच्या बापाचा गोल्फचा चेंडू,
आम्हीच ठेवलेला, बघून शिकतील म्हणून.
काय शिकल्या?
टॅमी नोरी त्याच्यावर पाय देऊन उभी राहते.

नावं तिनेच ठेवलेली. तांबडी ती पार्टन, म्हणजे खेकडी.
काळीपांढरी ती टॅमी नोरी, इथे पफिन पक्ष्याला असंच म्हणतात.
तिसरी राखाडी. तिचं नाव ठरायचं आहे
ऑक्टोबरपासून.

मी तिला समजावलं : या उशिरा फुटल्या, ऑगस्टात.
जानेवारीत चोवीस आठवडे भरतील खरे,
पण तेव्हा वेस्ट्रे बेटावरचा दिवस म्हणजे
नऊला उघडून तीनला बंद होणारं पोस्ट ऑफिस.
दाण्याने कोंबडी वाढते,
अंडं धरतं ते उजेडाने.
तुरा बघ, अजून तुझ्या खोडरबरासारखा.
लाल होऊ दे.
पाठीवर हात नेला की पळण्याऐवजी
पंख सैल सोडून खाली बसू दे.
मग समज, आठवडा, दोन आठवडे.

"मग दिवा लावा ना," ती म्हणाली.
"तुम्ही दिवेवालेच होता की."

होतो. एकतीस वर्षं.
दर तीस सेकंदांना एक झोत,
काच पुसायची, पितळ पुसायचं, वहीत वारा लिहायचा.
मग एक पेटी आली, भिंतीला चार स्क्रू,
आणि दिव्याला माणूस लागेनासा झाला.
ज्यांना वाट हवी होती त्यांना मी उजेड दिला.
ज्यांना नुसती वाट बघायची आहे
त्यांच्या डोळ्यांवर कशाला मारू?

असं काहीतरी बोललो.
तिने बाहीला नाक पुसलं.

जानेवारीच्या शेवटी, पहाटे साडेपाचला
लघवीला उठलो, तर खिडकीतून
खुराड्यात उजेड.
जुनी खोड : मी मोजायला लागलो.
दहा. वीस. तीस. चाळीस.
लुकलुकत नव्हता. पांढरा, स्थिर.
असा दिवा कुठल्याच नकाशावर नाही.

ओव्हरकोट घालून, वाऱ्यात वाकून गेलो.
खिळ्याला सायकलचा दिवा,
जाळ्याच्या निळ्या दोरीने बांधलेला.
तरीच सोमवारपासून ती चालत येत होती.
तिच्या घरापासून इथवर पाऊण मैल,
आणि बाप बोटीवर जायला उठायच्या आत परत.
दांडीवर तिघी टक्क जाग्या.
तपासणीला आलेल्या साहेबाकडे
मी बघायचो, तशा माझ्याकडे बघत होत्या.

दिवा काढला नाही.
तीन दिवसांनी मिणमिणला तेव्हा
बॅटऱ्या बदलल्या.
मी काही बोललो नाही. तीही नाही.
"घातलं?"
"नाही."
फक्त तिला जांभया फार येत होत्या.

मार्चच्या चार तारखेला
त्या बिननावाच्या राखाडीने
सकाळभर पेंढा विसकटला, बडबड केली,
गप्प झाली.

दिव्याने, की दिवस लांबल्याने,
कोण सांगणार. मी तरी नाही.

"घातलं?"
"बघ."
या वेळी तिने डोकं घातलं नाही, हातच घातला,
न बघता चाचपत राहिली.
दोन गोळे. त्यातला चेंडू मोठा.
दुसऱ्यावर रक्ताची बारीक रेघ,
आणि अजून ऊब.

तिने ते स्वतःच्या गालाला लावलं, मग माझ्या.
इतकं हलकं, की आत बलक आहे की नाही
शंका यावी.
"फोडायचं?"
"उद्या," मी म्हणालो.

पाच वाजून गेले होते,
आणि बाहेर अजून दिसत होतं.