एकास आठशे

सकाळी सहाला दौलतनगरच्या पुलाखालून सायकल काढतो.
डावीकडे भिंत, भिंतीपलीकडे ती.
वाट नवी, ठोकळ्यांची. चाकाखाली
कुणी झोपेत बडबडावं तशी वाजते.

सायकल माझी नव्हे.
जिन्याखाली तीन वर्षं बेवारस होती,
सेक्रेटरींनी नोटीस लावली, कुणी आलं नाही.
रिटायर होऊन मला अकरा दिवस झाले होते.
मीही तेव्हा जिन्यातच उभा असायचो.

भिंत मी बांधली.
म्हणजे घाडीगावकर मुकादमानं आणि त्याच्या चाळीस माणसांनी;
मी लेव्हल घेतली, सही केली,
आणि पावसाळ्यात कुणी फोन करू नये अशी प्रार्थना.

अजून पाठ आहे सगळं.
सतरा नंबरचं तोंड गळतं, तेव्हाही गळायचं.
एकोणीसच्या पाइपात खंड्या बसतो,
त्याची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती.
डोळे मिटून, नाकानं अंतर सांगेन:
शेण आणि ओला कडबा आला की नऊशे मीटर,
साबण आला की बाराशे.
धोबी आता टाकीच्या पाण्यावर धुतात.
मी गेलो की मान हलवतात. ओळखतात की नाही,
विचारलेलं नाही.

नकाशावर तिचं नाव लिहायच्या जागी
आम्ही लिहिलं होतं, मुख्य नाला, क्रमांक दोन.
दुसरा शब्द लिहिला असता
तर फाइल दुसऱ्या खात्यात गेली असती,
आणि तिथे तिला वाळवी लागली असती.
हे कारण खरं आहे.
पुरेसं आहे का, ते रात्री तीनला वेगळं वाटतं,
सहाला वेगळं.

उतार एकास आठशे.
आठशे मीटर गेल्यावर एक मीटर खाली.
पेडल मारणाऱ्याला कळत नाही.
जाताना वाटतं, आज तब्येत बरी आहे;
येताना वाटतं, वय झालं.

बाराशेच्या पुढे आज एक मुलगी,
बापाच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून
कैची मारत, निम्मी हवेत, निम्मी माझ्या वाटेत.
नाव विचारलं. आधी सायकलचं सांगितलं, रॉकेट,
मग स्वतःचं, अफसाना.
"काका, हा नाला कुठे जाते?"
"जातो," मी म्हणालो. "नाला जातो."
"तेच तर. कुठे जाते?"

मी सांगू लागलो: रेल्वेचा पूल, मग स्मशान,
मग तिवरं, खाडी,
आणि उलटीकडे बोरिवलीचं जंगल, जिथून...
तिला उगमाशी घेणंदेणं नव्हतं.
ती निघालीसुद्धा. मीही मागोमाग,
गुडघे कुरकुरत, घंटी वाजवत,
समोर कुणी नसताना.

वाट संपते तिथे पत्रा ठोकलाय.
काम अर्धवट, निविदा कुठेतरी अडकलेली
(कुठे, तेही मी सांगू शकेन).
पत्र्याखाली कुत्र्याएवढी फट.
रॉकेट आडवं टाकून पोरगी त्यातून पलीकडे.
मी ब्रेक धरून उभा.
पलीकडून आवाज आला,
"काका, जाते! इथून पण जाते!"
मी व्याकरण दुरुस्त केलं नाही.

परतताना साबणापाशी चेन उतरली.
बसवली. दहाही बोटं काळी,
आणि चष्मा घसरलेला, तो वर करायची सोय नाही.
भिंतीवरून वाकून पाहिलं.
खाली पाणी होतं, फार नाही, पण हात धुण्यापुरतं होतं,
बगळ्याच्या घोट्याएवढं.
या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.
नदीत उतरायला पायऱ्या नाहीत.
ड्रॉइंगमध्ये नव्हत्या.