कौल

फोनवर आप्पा म्हणाले,
"मी बराय की. तू कशाला येतीस?"
दर रविवारचं तेच वाक्य.
पण ह्या खेपेला "बराय" आणि "की" यांच्यात
एक बारीक फट होती.

मला ती ऐकू आली,
कारण ऐकायला त्यांनीच शिकवलं.
खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात
एकतीस वर्षं आप्पांनी माल तपासला.
डाव्या तळव्यावर कौल,
उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून एकच ठोका.
खणखणलं की लॉरीत,
बद्द वाजलं की बाजूला.
सुट्टीत डबा घेऊन गेले की मलाही वाजवायला द्यायचे.
"तडा डोळ्याला मागनं दिसतोय गं,
आवाजाला आधी कळतोय."

तरी मी लगेच निघाले नाही.
मार्च होता. पतसंस्थेत मार्च म्हणजे
गडहिंग्लजमध्ये कुणी मेलं तरी उद्या या, असं सांगायचा महिना.

मग शेजारच्या नीलव्वाचा फोन.
"बाई, तुझ्या आप्पांनी काल दोनदा दूध नेलं.
पैसे पण दोनदा दिले.
परत द्यायला गेलो, तर कसले पैसे म्हणतात.
सांगू नको वाटत होतं. सांगायलोय."

दारात आप्पा उभे. इस्त्रीचा सदरा,
कपाळाला नेहमीची गंधाची रेघ,
आणि दाढी केलेली,
फक्त उजव्या गालाची.
डाव्या गालावर चार-पाच दिवसांचं पांढरं.
मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं,
आणि चहा ठेवायला वळले.
गॅसची शेगडी आधीच चालू होती,
वर काही नव्हतं.

भात लावायला तांदळाचा डबा उघडला,
तर तांदळात खोचलेल्या तीन नोटिसा, पट्टण पंचायतीच्या.
कानडीतला कुठलाही कागद आला
की आमची अख्खी गल्ली आप्पांकडं यायची.
वाचून दाखवायचे, सही कुठं करायची ते दाखवायचे,
आणि बडीशेप द्यायचे.

"आप्पा, हे काय लिहिलंय?"
त्यांनी चष्मा लावला. कागद लांब धरला.
आणि न अडखळता म्हणाले,
"घरपट्टी. एकशे बेचाळीस रुपये. वीस तारखेच्या आत."

कानडी अक्षरं मला येत नाहीत.
पण आकडे येतात.
खाली छापलं होतं तीन हजार सहाशे दहा.
एकशे बेचाळीस होती ती आई असतानाची,
मी चौथीत असतानाची घरपट्टी.

"बरं," मी म्हणाले.
कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली.
इतकं हळू मी आजवर काहीच घडी केलं नव्हतं.

नारूला मडगावला फोन लावला.
"वय झालं की विसरतंच माणूस," तो म्हणाला.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
मागं कुणीतरी कोकणीत ऑर्डर सांगत होतं.
"शनिवारी येतो," म्हणाला. "डॉक्टरला मीच विचारतो."

संध्याकाळी परसात आप्पा
भिंतीला टेकवलेली जुनी कौलं चाळत बसले.
एक उचललं. ठोका दिला. कानाशी नेलं.
पुन्हा ठोका. पुन्हा.
मग माझ्याकडं न बघता ते माझ्यापुढं धरलं.
"तू वाजव बघू."

मी बोट वाकवलं.
"खरं सांग हं," ते म्हणाले.
"बद्द आहे, आप्पा."
"मलाही तसंच वाटत होतं.
पण आजकाल मला सगळीच तशी वाजायलीत."

कौल त्यांनी फेकलं नाही.
गोठ्याच्या वळचणीला असली घालायचे ते,
खाली दुसरं एक सरकवून.
ते कसं सरकवायचं हे सांगता सांगता
मध्येच थांबले, शब्द शोधत राहिले,
मी सुचवला नाही. त्यांना सापडेपर्यंत
मलप्रभेवरून एक मालगाडी पूर्ण गेली.

रात्री नीलव्वाच्या नातीकडून वहीच्या पानावर
कानडी मुळाक्षरं लिहून घेतली.
नीलव्वाला म्हटलं, दूध एकदाच द्या,
दुसऱ्यांदा आले तर बसवून घ्या, गप्पा मारा.
शिडी तिच्या माळ्यावर टाकली.
पतसंस्थेत कळवलं, येणार नाही.

सकाळी आरसा धरून आप्पांसमोर बसले.
"डावी बाजू राहिलीय."
त्यांनी गालावरून हात फिरवला,
चकित झाले, मग हसले.
"व्हय की. कालपासनं वाटायलं होतं,
काहीतरी राहिलंय म्हणून."